केसपेपरला कुलूप कोण लावणार?

(स्त्रियांचं आरोग्य आणि कौटुंबिक हिंसा या प्रश्नांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



दवाखान्यात गेल्यावर बाई काय काय सांगते ते आधी आठवून पाहू. शेवटची पाळी कधी आली. किती वेळा दिवस राहिले, किती वेळा गर्भ पडला, किती वेळा पाडला. अंगावरून काय जातं. झोप लागते का, जीव द्यावासा वाटतो का. हाताला लागलं ते कशानं लागलं. यातलं कितीतरी ती आईला सांगत नाही, बहिणीला सांगत नाही. टेबलापलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाला मात्र सांगते. तिला बरं व्हायचं असतं, आणि आपण बोललो ते इथंच राहील असं तिनं गृहीत धरलेलं असतं.

ते नक्की कुठं राहतं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात काम करते. संगणकातली तज्ज्ञ नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण ‘सायबर सुरक्षा’ हा शब्द ऐकला की तो इंजिनियर लोकांचा प्रश्न आहे असं समजून आपण मोकळ्या होतो. त्यांच्या बैठकीत चर्चा होते ती रुग्णालयाचं किती नुकसान झालं याची. जिच्याबद्दलची नोंद बाहेर गेली तिचं पुढे काय झालं, हे विचारायला त्या बैठकीत कोणी नसतं. ते आपण विचारायला हवं.

कागद आणि संगणक

कागदाचा जमाना फार सुरक्षित होता असं मी म्हणणार नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात रुग्णांची नावं असलेल्या कागदांच्या खाण्याच्या प्लेटा सापडल्या होत्या. रद्दीत गेलेल्या फोल्डरांपासून त्या बनल्या होत्या. तेव्हा कागदही बाहेर जातो. पण कागदाला एक मर्यादा असते आणि ती मर्यादाच बाईला थोडंफार वाचवते. एक फाइल एका वेळी एकाच माणसाच्या हातात असते. ती कोणी नेली तर कपाटात जागा रिकामी दिसते. दहा हजार फायली पळवायच्या तर टेम्पो लागतो.

संगणकातली नोंद पळवली तरी ती जागेवर तशीच असते. तिची नक्कल बाहेर जाते, त्यामुळे चोरी झाली हे कितीतरी दिवस कळतही नाही. नक्कल एका गावातून दुसऱ्या गावात जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि एक मोठा फरक आहे. रेकॉर्ड रूममध्ये एखादं नाव शोधायला दिवस जायचा. संगणकात गावाचं नाव आणि ‘गर्भपात’ हा शब्द टाकला की यादीच समोर येते. ज्या गुणामुळे संगणक डॉक्टरला उपयोगी पडतो, तोच गुण वाईट हेतूच्या माणसालाही उपयोगी पडतो.

नोंद ही आपलीच मागणी होती

आता मी थोडी मागे जाते. ‘नोंद ठेवा’ ही मागणी स्त्रियांच्या चळवळीनंच लावून धरली होती. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात मोहीम झाली आणि १९८८ साली राज्याचा कायदा आला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला. तरी अंमलबजावणी होईना, म्हणून २००० साली सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायद्यात सुधारणा झाली. सोनोग्राफी करणाऱ्यानं प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ’ फॉर्म भरायचा आणि त्याचा अहवाल दर महिन्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा, हे बंधन घट्ट झालं. डॉक्टरांच्या संघटनांनी ‘कारकुनी चुकांसाठी आम्हाला छळता’ अशी ओरड केली. आपण ठाम राहिलो. फॉर्म नसेल तर पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर खटला नाही, ही आपली भूमिका होती. ती बरोबरच होती.

पण त्या फॉर्मात असतं काय? बाईचं नाव, वय, पूर्ण पत्ता, फोन नंबर. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. हयात मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं. किती आठवड्यांचा गर्भ आहे आणि सोनोग्राफी कशासाठी केली. म्हणजे डॉक्टरवर लक्ष ठेवण्यासाठी आपण जो कागद मागितला, त्यावर माहिती भरली गेली ती बाईची.

२०१९ च्या मार्चमध्ये काय झालं ते ऐका. उत्तर भारतातल्या एका राज्याच्या आरोग्य खात्याचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा पडलेला एका परदेशी सुरक्षा संशोधकाला सापडला. त्याला पासवर्डच नव्हता. आत होत्या याच कायद्याखाली गोळा केलेल्या गरोदर बायकांच्या सव्वा कोटी नोंदी, २०१४ पासूनच्या. कोणी कुलूप फोडलं नव्हतं, कारण कुलूप लावलेलंच नव्हतं. कळवल्यानंतरही त्या नोंदी तिथून काढायला तीन आठवडे लागले.

ज्या बाईला तीन मुली आहेत आणि जी चौथ्यांदा गरोदर आहे, तिचं नाव आणि फोन नंबर कोणाच्या हाती पडला तर त्याचा वापर कोण करेल? लिंगनिदानाचं दुकान चालवणाऱ्याला याहून चांगली गिऱ्हाइकांची यादी कुठं मिळेल? जो कायदा मुली वाचवण्यासाठी आणला, त्याचीच नोंदवही अशा माणसाच्या हाताशी जाऊ शकते.

यावर ‘मग एफ फॉर्मच नको’ असं म्हणायला काही डॉक्टर तयारच बसलेले असतात. त्यांच्या हाती हे कोलीत द्यायचं नाही. कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र बसवलं गेलं, तेव्हा डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि रुग्णाच्या खाजगीपणाचा मुद्दाही पुढे केला. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली. बाईच्या खाजगीपणाचं नाव घेऊन डॉक्टर स्वतःचा खाजगीपणा राखतात, हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून आपली भूमिका स्वच्छ हवी. नोंद हवीच. आणि जो नोंद ठेवायला लावतो, त्यानं तिला कुलूपही लावलं पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच दमात करायच्या.

जुन्या नियमांनी जे ओळखलं होतं

कुलुपाची कल्पना काही नवी नाही. गर्भपाताच्या कायद्याखालची २००३ ची नियमावली काढून वाचा. गर्भपातासाठी दाखल झालेल्या बाईच्या नोंदवहीला तिथं गुप्त दस्तऐवज म्हटलं आहे. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत बंद पाकिटात ठेवायचं आणि त्यावर ‘गुप्त’ असं लिहायचं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, पुढच्या तपासणीचं कार्ड यांपैकी कशावरही बाईचं नाव घालायचं नाही, फक्त अनुक्रमांक घालायचा. नाव आणि क्रमांक यांची जोडी एकाच वहीत आणि ती वही जबाबदार माणसाच्या ताब्यात. पाच वर्षांनी ती नष्ट करायची.

संगणकवाले आज ज्याला मोठमोठी नावं देतात, ते सगळं इथं साध्या शब्दांत आहे. नाव वेगळं ठेवा, आजार वेगळा ठेवा. ज्याला गरज आहे त्यालाच दाखवा. गरज संपली की नष्ट करा. २०२१ च्या दुरुस्तीनं तर कलम ५-क आणलं. गर्भपात केलेल्या बाईचं नाव कायद्यानं अधिकार नसलेल्या कोणाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि व्यवहारात काय होतं? बाई केसपेपरच्या खिडकीशी येते. तिथं आधार कार्ड मागतात, नाव संगणकात जातं, त्याच नावावर सोनोग्राफी, त्याच नावावर रक्ततपासणी, त्याच नावावर औषधाची चिठ्ठी. प्रसूती विभागाच्या कपाटातली वही नियमाप्रमाणे कुलपात असते, आणि संगणकावर तीच बाई नावानिशी उघडी असते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधांतून गरोदर राहून गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिची ओळख देण्याची गरज नाही. डॉक्टरनं हे पाळलं, पण त्याच मुलीचं नाव वॉर्डातल्या पडद्यावर दिवसभर दिसत राहिलं, तर त्या निकालाचा तिला काय उपयोग?

नोंद हाती न येणं हीसुद्धा इजाच

आता दुसरी बाजू. नोंद बाहेर जाण्याइतकंच ती वेळेला न मिळणंही धोक्याचं असतं.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या ‘एम्स’मधली संगणक व्यवस्था ठप्प झाली. रॅन्समवेअर म्हणतात त्या प्रकारचा हल्ला होता. यात हल्ला करणारा फायली नेतोच असं नाही, तो त्यांना आपलं कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. संसदेत नंतर माहिती दिली गेली की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सुमारे दोन आठवडे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयात नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिलं सगळं हातानं लिहून चाललं. बॅकअप शाबूत होता म्हणून माहिती परत मिळवता आली. जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे कारण सरकारनंच सांगितलं. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला की आतल्या एकाही खोलीला कडी नाही, अशी रचना.

याचा आपल्या कामाशी काय संबंध? आपल्यातल्या कितीतरी जणी न्यायालयात केस उभी करतात ती रुग्णालयाच्या कागदावर. २००० साली सेहत आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. त्यामागचा विचारच हा होता की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते. तिथं तिची जखम आणि तिनं सांगितलेलं कारण नीट लिहिलं गेलं, तर पुढे कधीही, अगदी पाच वर्षांनी, तिनं ठरवलं तर तो पुरावा उभा राहतो. तो कागद संगणकात असेल आणि संगणकाचा बॅकअप नसेल, तर एका हल्ल्यात शेकडो बायकांचे पुरावे जातात. न्यायालयात नवऱ्याचा वकील एवढंच म्हणतो, ‘नोंद दाखवा.’

आणि तिसरी गोष्ट, नोंद बदलली जाणं. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहेत. जळालेल्या सुनेच्या केसपेपरवर कोणाच्या दबावाखाली काय लिहिलं जातं, यासाठी आपण वॉर्डांत बसलो आहोत. कागदावर खाडाखोड दिसते, शाई वेगळी दिसते. ज्या संगणकात सगळा वॉर्ड एकाच पासवर्डनं काम करतो, तिथं ‘नवऱ्यानं मारलं’ पुसून ‘जिन्यावरून पडली’ असं लिहिलं तर ते कोणी आणि कधी केलं हे कसं कळणार? संगणकातले लोक तीन शब्द वापरतात: गोपनीयता, अचूकता, उपलब्धता. आपल्या भाषेत सांगायचं तर बाईनं सांगितलेलं फुटू नये, कोणी फिरवू नये, आणि तिला हवं तेव्हा मिळावं.

हल्लेखोर कोण?

वर्तमानपत्रात हल्लेखोर म्हणजे दूर देशातला, अंधारात बसलेला कोणी तरुण असतो. तसे असतातच. पण जवळचंही पाहू.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतली दृश्यं यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर आली. बायकांची तपासणी चाललेली, इंजेक्शन दिलं जातं आहे, आणि ती दृश्यं पैसे घेऊन विकली जात होती. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत लातूरचा आणि सांगलीचा माणूस होता. म्हणजे हे लोक आपल्याच जिल्ह्यांतून निघाले. रुग्णालयाच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, ‘ॲडमिन’ आणि एक-दोन-तीन असा ठेवला होता, हे पुढे बातम्यांत आलं. मला त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो. बाई जिथं कपडे बाजूला करून तपासणीला झोपते, त्या खोलीत कॅमेरा लावायची परवानगी दिली कोणी? सुरक्षेच्या नावाखाली लावलेल्या वस्तूनंच तिची सुरक्षा घालवली. आणि खोलीत कॅमेरा आहे हे त्या बायकांना कोणी विचारून घेतलं होतं का?

याहूनही जवळचा हल्लेखोर बाईच्या घरातच असतो. त्याला हॅकिंग येत नाही, आणि त्याची त्याला गरजही पडत नाही. रुग्णालयात त्याचा मावसभाऊ वॉर्डबॉय असतो. लॅबमध्ये ओळखीचा मुलगा असतो. ‘आमच्या वहिनींचा रिपोर्ट काय आला ते बघ की जरा,’ एवढं म्हटलं की काम होतं. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका ज्याला घाबरतात, तो माणूस असाच ओळखीतला असतो. एकीनं गर्भनिरोधक इंजेक्शन घरच्यांना न सांगता घेतलेलं असतं. एकीची एचआयव्हीची तपासणी झालेली असते. एक मानसोपचाराच्या ओपीडीत येत असते, आणि मुलांचा ताबा मागताना नवरा ‘ही वेडी आहे’ म्हणून तेच कागद पुढे करील अशी तिला धास्ती असते.

मग पाहा, रुग्णालयातून माहिती कशी झिरपते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. पडदा रांगेकडे तोंड करून ठेवलेला असतो. रिपोर्टचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला जातो, आणि तो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये कायमचा राहतो. नोंदणीच्या वेळी ‘मोबाइल नंबर सांगा’ म्हटलं की बाई नवऱ्याचा नंबर सांगते, कारण घरात फोन एकच असतो. पुढे ‘आपली तपासणी अमुक तारखेला आहे’ हा निरोप त्याच्या फोनवर वाजतो. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्यानं तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. पण निरोप नवऱ्याला जातो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला ‘आभा’ क्रमांक चौदा आकडी असतो आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी त्याला जोडता येतात. गाव सोडून कामासाठी फिरणाऱ्या बाईला याचा फायदा आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात ओटीपी. हा क्रमांक घेणं ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. खिडकीवर हे कोणी सांगत नाही, म्हणून आपण सांगायला हवं.

एक सावधगिरी इथं घेऊ या. माहिती फुटली की चौकशीत पहिला बळी जातो तो डेटा एन्ट्री करणाऱ्या कंत्राटी मुलीचा, नाहीतर आशाताईचा. आशाताई स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डोळ्यांना त्रास करून गावातल्या गरोदर बायकांची माहिती भरते. तिला यंत्र कोणी दिलं नाही, शिक्षण कोणी दिलं नाही. चार जणींना एकच लॉगिन द्यायचा आणि नोंद फुटली की चौघींना दमात घ्यायचं, हा न्याय नाही. व्यवस्था लावण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे.

कायदा काय देतो

२०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदी, शारीरिक व मानसिक आरोग्य यांना संवेदनशील माहिती मानलं. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांवर रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले, त्यांत एचआयव्हीचेही होते. २०१७ साली एचआयव्ही-एड्स कायदा झाला, सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यात रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती सांगायला बंदी आहे, आणि नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करायची आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला द्यावी लागते. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती नीट न जपणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ती ज्यांची आहे त्यांना कळवायचं, हे बंधन आहे. हे चांगलंच आहे. पण दोन गोष्टी आपल्याला खटकायला हव्यात. पहिली, या कायद्यात आरोग्याची माहिती अधिक संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली नाही. दुसरी, दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते. जिचा संसार त्या एका निरोपामुळे मोडला, तिला भरपाई मिळण्याची तरतूद या कायद्यात नाही.

‘कळवायचं’ या शब्दातही गोम आहे. ‘तुमच्या गर्भपाताची माहिती फुटली आहे’ असं पत्र तिच्या घरी आलं आणि ते सासऱ्यानं उघडलं तर? कसं कळवायचं, हे ठरवताना आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना विचारलं गेलं पाहिजे.

आपण काय मागायचं

आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या रुग्णालयात शिष्टमंडळ नेऊन विचारण्यासारखे प्रश्न मी काढून आणले आहेत. उत्तर कळायला संगणकाचं ज्ञान लागत नाही.

१. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाचा वेगळा लॉगिन आहे का? नोकरी सोडून गेलेल्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद होतो का?

२. कोणत्या बाईची नोंद कोणी, कधी उघडली आणि काय बदललं, याची आपोआप नोंद राहते का? ती महिन्यातून एकदा तरी कोण तपासतं? माझ्या मते सहा प्रश्नांतला हा सगळ्यात मोलाचा आहे. मावसभावाला रोखेल तर हेच रोखेल.

३. गर्भपात, एचआयव्ही, मानसोपचार, लैंगिक अत्याचार यांच्या नोंदी सगळ्या विभागांना दिसतात, की उपचार करणाऱ्यांनाच? नावाऐवजी क्रमांकाचा नियम संगणकातही पाळला जातो का?

४. बॅकअप कुठं आहे? मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवला आहे का? तो परत उतरवून पाहण्याची चाचणी शेवटची कधी झाली? संगणक बंद पडला तर हातानं काम चालवण्याची तयारी आहे का?

५. कॅमेरे कुठं कुठं आहेत? तपासणीच्या, प्रसूतीच्या, कपडे बदलण्याच्या जागी एकही नसला पाहिजे. बाकीच्यांचे पासवर्ड बदलले आहेत का?

६. सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचं आहे, आणि कंत्राट संपल्यावर बायकांची माहिती कोणाकडे राहणार?

याशिवाय खिडकीवर एक साधा बदल मागायचा. ‘मोबाइल नंबर सांगा’ याऐवजी ‘निरोप पाठवलेला चालेल का? कोणत्या नंबरवर?’ असं विचारायचं. याला पैसा लागत नाही.

बाईनं स्वतःची नोंद मागणं हाही तिचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरनं नोंदींची प्रत द्यायची असते. काही रुग्णालयं आता ‘गोपनीयता’ सांगून तिलाच तिची प्रत नाकारू लागली आहेत. गोपनीयता तिच्यासाठी आहे. तिच्याविरुद्ध ती वापरू द्यायची नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या संस्थांकडे वळते. आपल्या समुपदेशन केंद्रांतही केसपेपर आहेत, ते आता संगणकात आणि फोनमध्ये आहेत. वरचे प्रश्न आपल्या केंद्रालाही लावायचे. देणगीदाराला अहवाल पाठवताना बायकांची नावं जातात का? केसची चर्चा कुठल्या ग्रुपवर चालते? कार्यकर्ती सोडून गेली तर तिच्या फोनमधल्या केसचं काय होतं? रुग्णालयाच्या दारात उत्तरं मागायला जाण्याआधी आपली उत्तरं तयार असावीत.

हे सगळं कशासाठी? ज्या बाईला वाटतं की इथं सांगितलेलं गावात पोचेल, ती सरकारी दवाखान्यात येत नाही. ती रात्री कुठल्यातरी भोंदूकडे जाते. गुपित राखायला जाऊन बायका कशा मरतात, हे आपण पाहिलेलं आहे. दवाखान्यात नीट सांभाळलेलं गुपित बाईचा जीव वाचवतं.

तेव्हा पुढच्या महिनाभरात प्रत्येक गटानं एका तरी रुग्णालयात हे सहा प्रश्न घेऊन जावं असं मी सुचवते. लेखी उत्तर मागा. नाही दिलं तर नाही दिलं असं लिहून ठेवा. आलेली उत्तरं या अंकाकडे पाठवा, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांचं चित्र एकत्र मांडता येईल आणि ते घेऊन आरोग्य खात्याकडे जाता येईल. उत्तरांमध्ये कुठल्याही बाईचं नाव मात्र लिहू नका.